बुधवारी अडकणारी गाडी

आमची गाडी पहिल्यांदा अडकली तो बुधवार होता. सकाळचे पावणेसहा. आय मागच्या सीटवर पाठीला उशी लावून बसलेली, बाबा तिच्या शेजारी फायलीची पिशवी मांडीवर घेऊन, आणि मी स्टीअरिंगवर. इंजिन लागलं, हँडब्रेक खाली केला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा लावली, पुन्हा बंद. म्हटलं, आता हिला काय धाड भरली?

आयच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, तिला कल्याणला डायलिसिसला न्यायचं. साडेसहाची पहिली पाळी. थोडासा उशीर चालतो, जास्त झाला की मशीन दुसऱ्याला देतात. त्यात त्यांची चूक नाही, बाहेर माणसं ताटकळत बसलेली असतात. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, दम लागतो, आणि त्याच्यापुढं काय होतं ते डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलेलं. तेव्हा आमच्या घरात गाडी चालू असणं आणि आय चालू असणं ही एकच गोष्ट होती.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, लोकलनं जाते-येते. कुठला बोल्ट कुठल्या खणात, कुठलं बेअरिंग संपत आलंय, हे मला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन. लग्न केलं नाही, आणि त्याचं जितकं वाईट लोकांना वाटतं तितकं मला कधी वाटलं नाही. आय-बाबांचं सगळं मीच बघते आणि चांगलं बघते. हे मी माझ्याच तोंडानं म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणायला येत नाही.

डायलिसिसचे वारही मीच ठरवलेले. मंगळवार-गुरुवारी कारखान्यातनं माल बाहेर जातो, त्या दिवशी मला हलता येत नाही. शनिवारी घरचं सगळं उरकायचं असतं. उरले सोमवार-बुधवार-शुक्रवार, त्या तीन दिवशी मी दुपारची अर्धी ड्यूटी मागून घेतली. सेंटरच्या सिस्टरनं वारांचे दोन्ही गट समोर ठेवले आणि मी मिनिटभरात एकावर बोट ठेवलं. मला विचार करत बसायची सवय नाही. माझी गाडीही तशीच घेतलेली, ऑफिसातल्या एकाची होती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, बघितली आणि म्हटलं, द्या.

तर त्या बुधवारी मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा, आत्ता सोडवते."

पुढं घालून बघितली, मागं घालून बघितली. हँडब्रेक दहा वेळा वर-खाली केला. खाली उतरून चाकाला लाथ घातली. आमचं घर डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या पलीकडं खाडीला लागून, वस्ती सगळी कोळ्यांची, आणि आमच्याकडे कुणाचं काही अडलं की अर्धी गल्ली दातावर मिश्री चोळत बाहेर येते. एकानं विचारलं, पेट्रोल हाय का? दुसरी म्हणाली, नजर लागली, लिंबू-मिरची बांध. बाबा दार उघडून खाली उतरला आणि मागच्या चाकापाशी येऊन काहीतरी बोलायला लागला. मी म्हटलं, "बाबा, तू आत बस. होडी नाहीये ही." तो आत बसला.

त्या पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. शेवटी रिक्षा केली. पत्री पुलावर नेहमीचा खोळंबा. कल्याणला पोचलो तेव्हा आयच्या मशीनवर दुसरे एक आजोबा होते आणि सिस्टर म्हणाल्या, उद्या दुपारी या.

घरी आलो. नऊच्या सुमाराला शेजारची काकी टोपली घेऊन बाजाराला निघालेली. ही माझी सख्खी काकी. आयनं डोंबिवलीच्या मासळी बाजारात तीस-पस्तीस वर्षं मासे विकले, बाबा खाडीत जाळं टाकायचा, ती बोयटं, निवट्या, चिंबोऱ्या घेऊन बसायची. आता खाडीत काही मिळत नाही, मासळी बाहेरनं येते, आणि आयच्या जागेवर काकी बसते. आय म्हणाली, "घरी बसून काय करू? मी पन जाते हिच्यासंगती." मी गाडीच्या रागात होते. म्हटलं, जा बाई, तेवढाच जीव रमेल. दुपारी परत आली तेव्हा मनगटाला खवलं चिकटलेलं आणि चेहरा एकदम खुललेला. मला बरं वाटलं. त्याच्यापुढं मी विचार केला नाही.

मी कारखान्यात रजा कळवली आणि मेकॅनिक दुपारी आला. हा कल्याणजवळच्या मोहने गावचा, वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते, हातातलं कसब त्यांच्याकडनंच आलंय. कोपरला स्वतःचं छोटं गॅरेज आहे. माझ्याच वयाचा, बोलायला कमी, आणि बुद्धपौर्णिमेला घरची खीर न चुकता पाठवतो. त्याच्या हाताला मी मानते, आणि मी फार लोकांना मानत नाही.

त्यानं जॅक लावून एकेक चाक उचललं आणि हातानं फिरवलं. तीन चाकं गरगर फिरली. मागचं डावं चाक जागचं हलेना. त्यानं चाक काढलं, ब्रेकचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरवर लाकडाचा तुकडा टेकवला आणि त्यावर हातोडीचा एक ठोका दिला. ठक्क! डिस्क सुटली.

"हे बघा ताई," तो म्हणाला. चकचकीत डिस्कवर पॅडच्या आकाराचा तांबडा डाग उठलेला. "पॅड चिकटले डिस्कला. ओल राहिली, वरून हँडब्रेक घट्ट, मग गंज धरतो. रात्रभरात सिमेंट लावल्यासारखं होतं."

"रात्रभरात?"

"कधी कधी. गाडी धुता कधी?"

"शनिवारी," मी म्हटलं. "मीच धुते. नळाच्या पाण्यानं. आणि धुतल्यावर एक चक्कर मारून ब्रेक सुकवून मग लावते. मला माहितीय ते."

"हँडब्रेक?"

"दोन टिचक्या. त्याच्यावर एक नाही. तोही मीच लावते."

बाबा उंबऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मी काय म्हनतो..." मी म्हटलं, "थांब रे बाबा, त्याला काम करू दे." आय खुर्ची टाकून दारात बसलेली, गुडघ्यावर हात ठेवून सगळं ऐकत होती. मी मनात म्हटलं, बिचारी घाबरलीय.

मेकॅनिकनं डिस्क घासली, पॅड पॉलिश पेपरवर घासून घेतले, कॅलिपरच्या पिना काढून साफ केल्या, ग्रीस लावलं. म्हणाला, शक्यतो हँडब्रेक लावूच नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. मी म्हटलं, दोन टिचक्यांनी काही होत नसतं, पॅडच खराब असतील, नवीन टाक. तो म्हणाला, पॅड चांगले आहेत. मी म्हटलं, तरी टाक. त्यानं टाकले.

दोन आठवडे गाडी लोण्यासारखी चालली. मी सेंटरमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, की गाडीचं काही असेल तर मला विचारा.

मग एका शुक्रवारी पुन्हा तेच. पावणेसहा, पहिला गिअर, गचका, बंद. या वेळी मी शहाणी झालेले, लगेच मेकॅनिकला फोन लावला. तो झोपेतनं उठून दहा मिनिटांत आला, पण चाक काढायचं, ठोकायचं, परत बसवायचं म्हणजे वेळ जाणारच. बाबा म्हणाला, रिक्षा बघू का? मी म्हटलं, नको, रिक्षात तिची हाडं खिळखिळी होतात, गाडी सुटतेच आहे आता. गाडी सुटली, आणि आम्ही कल्याणला पोचलो तेव्हा मशीन गेलेलं. दुसरी वेळ. त्या दिवशी रिकामी जागा नव्हती, शनिवारी सकाळी या म्हणाले.

त्या शुक्रवारीही आय काकीबरोबर बाजारात गेली. मी अडवलं नाही.

शनिवारी सकाळी आय उठली ती बसूनच. आडवी पडली की तिला श्वास घेता येईना. पाय भोपळ्यासारखे, बोट टेकवलं की खड्डा पडत होता. गाडी त्या दिवशी मुकाट्यानं चालली आणि मी ती कशी चालवली ते मला आठवत नाही. सेंटरमध्ये आयला सरळ आत घेतलं, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर मला बाहेर येऊन बोलले, आणि चांगलंच बोलले. "गाडी अडकली हे कारण तुमचं झालं. त्यांच्या फुप्फुसाला ते कळत नाही. पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही." माझ्याशी असं कोणी बोललं की मी सोडत नाही, पण तिथं मी मान खाली घालून उभी राहिले. चूक गाडीची होती आणि गाडी माझी होती.

आता मी गाडीच्या हात धुऊन मागं लागले. मेकॅनिकला म्हटलं, जे बदलायचं ते बदल. त्यानं हँडब्रेकची केबल काढून बघितली, ती सरकत होती. पण कॅलिपरवरचा लिव्हर, जो केबल सोडली की आपोआप मागं यायला पाहिजे, तो अर्ध्यावर अडत होता. "चांगल्या राखलेल्या गाडीत असा गंज येत नाही," तो पुटपुटला. त्यानं तो खोलून साफ केला, स्प्रिंग बदलली. मी रोज सकाळी-संध्याकाळी गाडी चार पावलं पुढं, चार पावलं मागं करून बघायला लागले. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळचं तेवढं चुकायचं, कारण कारखान्यातनं घरी यायलाच नऊ होतात आणि जेवून मी आडवी होते. मला वाटलं, सकाळी बघतेच आहे, पुरे आहे.

तिसरी वेळ बुधवारची. या वेळी मी गाडीशी एक शब्द बोलले नाही. किल्ली काढली, कोपऱ्यावरनं रिक्षा आणली, आय-बाबांना कोंबलं आणि साडेसहाला पाच मिनिटं कमी असताना सेंटरच्या दारात. मला स्वतःचाच अभिमान वाटला. पण आय सगळ्या रस्त्यात तोंड फुगवून बसलेली. मी म्हटलं, "लागतंय का गं कुठं?" म्हणाली, "नाय." मी म्हटलं, "वेळेत आणलं ना?" तिनं तोंड बाहेर वळवलं. मला वाटलं, खड्ड्यांनी कंबर धरली असेल. आजारी माणसाच्या नाकदुऱ्या काढायला मला जमत नाही, मी सुया टोचून होईपर्यंत थांबले आणि बाहेर जाऊन चहा घेतला.

दुपारी, मी ड्यूटीला निघायच्या आधी, मेकॅनिक आला, चाक काढलं, तोच तांबडा डाग. पण या वेळी तो हातोडी न उचलता तसाच उकिडवा बसून राहिला. मग डिस्कवरनं बोट फिरवलं आणि ते बोट चक्क जिभेला लावलं. थुंकला.

"ताई, ही गाडी तुम्ही खाडीत घालता का?"

"डोकं फिरलंय का तुझं?"

"खारट आहे. मिठाचा पापुद्रा आहे आतमध्ये. नळाच्या पाण्यानं असं होणार नाही." मग त्यानं पाना खाली ठेवला आणि विचारलं, "सोमवारी कधी अडकली?"

मी आठवलं. बुधवार. शुक्रवार. बुधवार.

"सोमवारी नाही," मी म्हटलं.

"सोमवारी पण सकाळी तेवढ्याच वाजता निघता ना? गाडीला वार कळत नाय, ताई. माणसाला कळतो. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी गाडीपाशी कोण असतं, ते बघा."

मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, माझ्या गल्लीत कोणी असलं काम करणार नाही, सगळी माझी माणसं आहेत. तो म्हणाला, मी कुठं कुणाचं नाव घेतलं? आणि कामाला लागला. पण किडा डोक्यात गेला तो गेला. गल्लीतला एकेक माणूस मी मनात उभा केला. कुणाशी भांडण, कुणाच्या पोराला मी ओरडले, कुणाची मोटारसायकल मी दारातनं हलवायला लावली. यादी लांबलचक झाली, तो माझा स्वभाव.

पुढच्या मंगळवारी मी कारखान्यात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारीच निघाले. पाचच्या आत गल्लीच्या तोंडाशी आले आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून घरांच्या मागनं, खाडीकाठच्या खाजणाच्या कडेनं आत शिरले. भरतीची वेळ होती, पाणी पार पायरीला लागलेलं.

आमच्या मागल्या पायरीवर बाबा उभा होता. गुडघ्यापर्यंत पाण्यात. बालदी बुडवून भरली, वर चढला, कडेनं पुढं गेला. मी त्याच्या मागं मागं. पुढं दारात आय खुर्चीवर बसलेली, पदर खोचून, आणि समोर माझी गाडी नखशिखांत ओली.

"मागच्या चाकावर वता," आय म्हणाली. "तो डावा. अजून एक बालदी."

बाबानं ओतली.

"आनि तो ब्रेक खेचा चांगला."

बाबानं दार उघडलं, आत वाकला आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. कर्र कर्र कर्र, पार शेवटपर्यंत. जाळं ओढलेले हात ते, सत्तरी उलटली तरी माझ्यापेक्षा जोरकस.

माझं डोकं सणकलं. काही विचारायच्या आतच मी ओरडले, "बाबा! तूच होतास होय रे! तीन वेळा! तिचं मशीन चुकतंय ते तुझ्यामुळं, कळतंय का तुला? शनिवारी तिचा जीव जायची वेळ आलेली, ती तुझ्यामुळं!"

बाबा बालदी घेऊन तसाच उभा राहिला. त्याला खरंच काही कळत नव्हतं. "मी तं धुतलीय नुसती," तो म्हणाला. "रस्त्यानं धुरला किती बसतो. आपली होडी पन मी रोज धुवायचो."

"खाडीच्या पाण्यानं?"

"मंग कंच्या? नलाला तासभर पानी येतंय, ते गोडं पानी गाडीवर वतू?" गोड्या पाण्यानं काही धुवायचं म्हणजे आमच्याकडे माज समजतात. गोडं पाणी पिण्याला, शिजवण्याला. होडी, जाळं, टोपल्या, अंगण, सगळं खाडीच्या पाण्यानं. हे मला माहीत होतं, मी त्याच घरात वाढलेय. फक्त गाडीच्या बाबतीत मला ते सुचलं नव्हतं.

"आणि ब्रेक कशाला खेचतोस?"

"तू ढिलाच ठेवतंस. भरती आली, पानी आयलं गल्लीत, वाहून गेली तं? बांदल्याबिगर सोडू नये कायच. मी तुला पयल्या दिवशीच सांगाया आयलो, का राती मीच ब्रेक घट केला. तू आत बस म्हनलीस."

मी काही बोलायच्या आत त्याचं लक्ष मी आधी जे ओरडले त्याच्यावर गेलं. ते त्याच्यात हळूहळू उतरत होतं. तो चाकाकडं बघायला लागला, मग आयकडं. "म्हंजे मीच..." एवढंच बोलला. बालदी खाली ठेवली, ती कलंडली, उरलेलं पाणी त्याच्या पायावरनं गेलं. तो तिथंच ओल्यात खाली बसला. माझ्या बापाला मी त्याच्या आईच्या मयतीलाही असं बघितलं नव्हतं.

"त्याना नको बोलू," आय म्हणाली.

"तू मधे पडू नकोस आय."

"मीच तं हाय मधे. त्यानी पयल्या खेपेला आपल्या मनानं धुतली. दुसऱ्या खेपेपासून मी सांगतलंय. मंगलवारी न् गुरुवारी मीच सांगते, गाडी किती मललीय बघा, जरा धुवा. त्याना कायपन ठावं नाय."

दारात खुर्ची टाकून बसलेली माझी आय. मेकॅनिकनं ओल सांगितली, गंज सांगितला, हँडब्रेक सांगितला, डावं चाक सांगितलं. मी त्याच्याशी वाद घालत होते तेव्हा ही शांतपणे सगळं शिकून घेत होती. हिला शाळा मिळाली असती तर आमच्या कारखान्याची मॅनेजर झाली असती.

"कशाला?" मी म्हटलं. "आय, मशीन चुकलं की काय होतं ते बघितलंस ना शनिवारी? मरायचं होतं का तुला?"

"मरायचं नव्हतं गो," आय म्हणाली. "बाजारात बसायचं होतं."

मासळी कोणी सोमवारी खात नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही, मंगळवारही बरेच जण पाळतात. बाजार भरतो तो बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. कोळणीच्या पोटच्या पोरीला हे सांगायला लागावं, याच्याइतकी लाज दुसरी नाही. तिच्या तीन बाजारांतले दोन मी मिनिटभरात बोट ठेवून कापून टाकलेले, आणि तिच्याकडं राहिला एक रविवार, त्या दिवशी मी म्हणायचे, आय, आज तरी आराम कर, उद्या मशीन आहे.

"पयल्या बुधवारी गेले," ती सांगत होती, "तं ती कोपरची मास्तरीन आयली. मना बगून रडली. म्हनते, आमी समजलो तू गेलीस. बोंबील माज्याच हातनं घेतले तिनं. तवा मना वाटलं, मी हाय अजून."

"मग तोंडानं सांगायचं होतंस मला!"

"सांगतलं ना. दिवालीच्या आदी सांगतलं, बुधवार नको गो पोरी, दुसरा कंचापन दे. तू फोनवर होतीस. हात असा केलास न् म्हनलीस, आय, तुला नाही कळत त्यातलं."

मला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला. मी कुणाला तरी फोनवर सीलचा नंबर सांगत होते.

त्या संध्याकाळीच मी मेकॅनिकला बोलावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं, कारण त्याचं बरोबर होतं आणि ते मी कबूल करणं भाग होतं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्यानं चारही चाकं गोड्या पाण्यानं धुतली, सुकवली, हँडब्रेक पूर्ण खाली केला, गिअर टाकला आणि मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले. मग बाबाला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाला, "काका, बांधायचीच असेल तर अशी बांधायची. हे काम आता तुमचं." बाबानं दगड हलवून बघितले, एक बदलून त्याच्या पसंतीचा आणला. पण माझ्याशी तो बोलला नाही. मी त्याच्या ताटात चपाती वाढली आणि म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." त्यानं मान हलवली आणि जेवला. आमच्याकडे माफी एवढीच असते.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. गाडी पहिल्या फटक्यात निघाली. आय मागं बसलेली, पण फुगलेली नव्हती. सेंटरमध्ये तिला पलंगावर घेतलं, मशीन जोडलं, आणि मी सिस्टरना म्हटलं की आम्हाला वार बदलून पाहिजेत. सिस्टर म्हणाल्या, मंगळवार-गुरुवार-शनिवार दुपारची पाळी आहे, नाहीतर त्याच वारांची सकाळची. माझ्या मंगळवार-गुरुवारचं काय करायचं ते मी वाटेत येतानाच ठरवलेलं, स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्याला द्यायच्या, कारखाना काही बुडत नाही. सिस्टरनी रजिस्टर उघडलं, पेन घेतलं आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडं बघितलं. "बोला, कुठली लिहू?"

तोंड उघडलेलं होतं माझं. दुपारची, सोयीची तीच. मी ते मिटलं आणि म्हटलं, "तिला विचारा. तिची पाळी आहे."

सिस्टर आयकडं वळल्या. "आजी, कुठली हवी?"

आयनं आधी माझ्याकडं बघितलं. जन्मभर भर बाजारात पदर खोचून ओरडणारी बाई, पोलिसाला न घाबरलेली, गिऱ्हाइकाला कधी दबून न राहिलेली, आणि स्वतःचा वार सांगायला लेकीच्या तोंडाकडं बघते, बोलू का म्हणून. ते बघणं मला आरपार लागलं. एवढं मी तिच्याशी काय वागले?

"आय," मी म्हटलं, "बोल ना."

मग ती बोलली.